पाठ केलेली कांजी पुन्हा पुन्हा विसरते: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार नेहमी एकाच वळणाने येते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेतली सर्वांत सोपी पातळी एन-५, तिच्या शंभरेक कांजी (चीनहून जपानीत आलेली अक्षरं) सहज बसल्या. एन-४ ला थोडी ओढाताण झाली, पण निभावलं. एन-३ च्या मध्यावर कधीतरी सगळंच सैल पडतं. काल बरोबर आलेली कांजी आज अनोळखी वाटते, नवी शिकली की जुनी जाते, आणि दोन जुळ्यांपैकी ही कुठली हे कळेनासं होतं. मग विद्यार्थी आधी जे करत होता तेच दुप्पट करतो. जास्त कार्डं, जास्त वह्या. महिन्याभराने परिस्थिती तीच, वर थकवा वेगळा. बरेच जण याच टप्प्यावर ‘आपली स्मरणशक्तीच कमी’ असं मनाशी ठरवून जपानी सोडतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं. त्यांच्यातल्या बहुतेकांना शेकडो गाणी आणि पावकी-निमकी तोंडपाठ असते. स्मरणशक्ती धडधाकट आहे. ‘विसरले’ या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे दोष बांधले गेलेत, एवढंच झालंय. प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि चुकीच्या दोषावर कितीही घाम गाळला तरी फरक पडत नाही.

म्हणून आधी तपासणी. या लेखात मी शब्द देवनागरीत दिलेत, कांजी छापलेली नाही. वही जवळ घ्या. जो जपानी शब्द तुम्ही शिकलेला आहात तो इथे आला की त्याची कांजी काढून बघा, मग शब्दकोशात पडताळा. त्यानंतर तुमच्या अलीकडच्या धड्यातले वीसेक शब्द घेऊन प्रत्येकासमोर चार गोष्टी टिपा: मजकुरात कांजी पाहून अर्थ आला का, वाचन (म्हणजे उच्चार) आलं का, नुसता शब्द ऐकून कांजी काढता आली का, आणि चुकलात तर दुसऱ्या कुठल्या कांजीशी गल्लत झाली. रकाने भरल्यावर चुका एका-दोन ठिकाणी गोळा झालेल्या दिसतील. तिथून सुरुवात करायची.

कार्डावर येते, मजकुरात येत नाही

हा सर्वांत जास्त आढळणारा दोष. कार्डाच्या पुढे एकटी कांजी, मागे एक अर्थ. असं कार्ड पन्नास वेळा बरोबर येतं आणि तीच कांजी बातमीत किंवा पाटीवर दिसली की डोळ्यांसमोर अंधार. याचं कारण असं की मेंदू सर्वांत स्वस्त खूण पकडतो. कार्डाचा ठरावीक फॉन्ट, आधी कुठलं कार्ड आलं होतं, अक्षराचा एखादा कोपरा. मजकुरात या खुणा नसतात.

विसरण्याचा तो प्रसिद्ध उतरता आलेख तुम्ही पाहिला असेल. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्डांच्या अॅपची ओळख करून देताना तो आलेख हमखास दाखवतात, पण त्याची अट सहसा सांगत नाहीत. एबिंगहाउसने पाठांतरासाठी मुद्दाम निरर्थक अक्षरजोड्या निवडल्या होत्या, कारण अर्थाचा आधार मिळाला की गोष्ट वेगळ्याच प्रकारे लक्षात राहते. संदर्भाशिवाय सुटी कांजी पाठ करणारा विद्यार्थी स्वतःसाठी नेमकी तीच निरर्थकता तयार करत असतो.

‘केइ’ ही कांजी घ्या, केइकेन मधली. सुटा अर्थ शोधलात तर उभा धागा, धर्मसूत्र, मधून जाणे, काहीही सापडेल. यातलं एक कार्डावर लिहिलंत की ते टिकणार नाही आणि टिकलं तरी उपयोगी पडणार नाही. पण केइकेन म्हणजे अनुभव, केइझाइ म्हणजे अर्थव्यवस्था, केइएइ म्हणजे कंपनी चालवणं, हे तीन शब्द वापरात आले की ‘केइ’ आपोआप ओळखीची होते.

जपानी मुलांशी तुलना करून स्वतःला कमी लेखणाऱ्यांसाठी थोडी आकडेवारी. दैनंदिन वापरासाठी ठरवलेल्या जोयो कांजी २१३६ आहेत. १९८१ च्या यादीत १९४५ कांजी होत्या, २०१० मध्ये तीत १९६ वाढल्या आणि ५ गेल्या. यांपैकी १०२६ प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकवतात: पहिलीत ८०, दुसरीत १६०, तिसरीत २००, पुढे दर वर्षी दोनशेच्या आगेमागे. म्हणजे घरीदारी जपानी ऐकणाऱ्या मुलालाही सहा वर्षं देतात. आणि त्याला ‘मिझु’ (पाणी) हा शब्द कांजीच्या कितीतरी आधी येतो. त्याला फक्त माहीत असलेल्या शब्दाला आकार जोडायचा असतो. आपण शब्द, उच्चार, आकार, अर्थ असं चारही एकाच संध्याकाळी उचलायला जातो.

इलाज इथूनच निघतो. कांजी त्या शब्दाची शिका, जो तुम्ही आधी ऐकलाय किंवा वाचलाय. कार्डाच्या पुढे शब्द असलेलं छोटं वाक्य, मागे वाचन आणि अर्थ. यादीतली पुढची कांजी आली पण तिचा एकही शब्द कानावर पडलेला नाही, तर तिला थांबू द्या. शाळेच्या इयत्तांचा क्रमही आंधळेपणाने घेऊ नका. पहिलीच्या यादीत शिंपला, किडा, बांबू आहेत आणि ‘वाताशि’ची (मी) कांजी सहावीत येते. मुलांसाठी ते योग्यच आहे. पुण्यातल्या आयटी कंपनीत काम करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या माणसाला मात्र काइशा, काइगि, शिर्यो (कंपनी, मीटिंग, दस्तऐवज) आधी हवेत.

दुसरी गोष्ट फुरिगानाची. कांजीवर ‘काना’ या उच्चारलिपीत छोट्या अक्षरांत वाचन छापलेलं असलं की डोळा तेच वाचतो, कांजी पाहतच नाही. एनएचकेच्या सोप्या बातम्यांसारखा मजकूर पहिल्यांदा फुरिगानासकट वाचा, दुसऱ्यांदा फुरिगाना झाकून. हे दुसरं वाचनच खरा अभ्यास. अधूनमधून उभ्या ओळींचा मजकूरही घ्या.

जुळ्या अक्षरांची गल्लत

मात्सु म्हणजे वाट पाहणे, मोत्सु म्हणजे हातात धरणे किंवा जवळ असणे. उच्चार जवळजवळ सारखा, अक्षरांचा उजवा अर्धा भाग हुबेहूब तोच. त्यात तोकुबेत्सु (विशेष) मधली ‘तोकु’ आली की तिसरी जाऊ. एन-३ च्या वर्गात या तिघींवरून जितका गोंधळ होतो तितका क्वचितच दुसऱ्या कशावरून होत असेल. आणि पुस्तकं अनेकदा अशा सारख्या कांजी एकाच पानावर शेजारी देतात, जे पहिल्या भेटीत नुकसानकारक आहे. नव्या दोन सारख्या गोष्टी एकत्र शिकल्या की दोन्ही एकमेकींना पुसतात. एक पक्की झाल्याखेरीज दुसरीला हात लावू नका. दोन्ही पक्क्या झाल्या की मग समोरासमोर ठेवा आणि फरक बोलून दाखवा.

बोलून दाखवायला भागांची नावं लागतात. डावीकडे माणूस असेल तर निन्बेन, रस्ता असेल तर ग्योनिन्बेन, हात तेहेन, पाणी सान्झुइ, बोलणं गोन्बेन, धागा इतोहेन, धातू कानेहेन. चिनी सम्राट कांगशीच्या कारकिर्दीत, १७१६ मध्ये, पूर्ण झालेल्या कोशाने वर्गीकरणासाठी २१४ मूळ घटक धरले आणि ती व्यवस्था आजही वापरात आहे. सगळे २१४ पाठ करायची गरज नाही. माझ्या अनुभवात पन्नास-साठ नीट ओळखता आले की अक्षर म्हणजे रेघांचा गुंता राहत नाही, तीन-चार ओळखीचे भाग होतात.

आता वरच्या त्रिकुटाकडे परत. तिन्हींचा उजवा भाग म्हणजे ‘तेरा’, बौद्ध मंदिर. आपण त्याला देऊळ म्हणू. रस्ता आणि देऊळ, मात्सु: रस्त्यावरच्या देवळापाशी वाट पाहत थांबलोय. हात आणि देऊळ, मोत्सु: देवळात जाताना हातात फुलं धरलीत. बैल आणि देऊळ, तोकु: शंकराच्या देवळासमोरचा नंदी, साध्या बैलांहून विशेष. पुढे याच कुटुंबात सूर्य आणि देऊळ मिळून तोकि म्हणजे वेळ (सूर्य माथ्यावर आला, देवळात घंटा झाली), बोलणं आणि देऊळ मिळून शि म्हणजे कविता (देवळात म्हटलेला अभंग), माणूस आणि देऊळ मिळून सामुराइ (देवळाच्या दारातला राखणदार). या गोष्टी आपण रचलेल्या आहेत, अक्षरांचा इतिहास वेगळा आहे. पण गल्लत थांबवायला त्या पुरतात. अशा गोष्टी परक्या पुस्तकातल्या घेऊ नका. तिथली पात्रं आणि सण आपल्याला परके, मग ती गोष्टच वेगळी पाठ करावी लागते. नंदी कुणाला पाठ करावा लागत नाही.

मात्र प्रत्येक कांजीसाठी गोष्ट रचत बसू नका. दोन हजार गोष्टी हाही एक भारच आहे. जिथे गल्लत होते तिथेच.

काही जोड्यांना तर गोष्टीपेक्षा शब्द चांगला. दोन आडव्या रेघांपैकी वरची लांब की खालची लांब, एवढ्याच फरकावर ‘शेवट’ आणि ‘अजून नाही’ या दोन कांजी उभ्या आहेत. पहिली शूमात्सु (आठवड्याचा शेवट) मध्ये, दुसरी मिराइ (भविष्य) मध्ये. या दोघी सुट्या पाहून कोणालाही क्षणभर अडखळायला होतं. शब्दात त्या एकमेकींच्या जागी येऊच शकत नाहीत. तसंच मिदोरि (हिरवा) आणि रोकुओन (ध्वनिमुद्रण) मधली ‘रोकु’: उजवा भाग तोच, पण हिरव्या रंगात धागा आहे आणि नोंद ठेवण्यात धातू.

अर्थ येतो, वाचन येत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, कारण मराठी माणसाला इथे एक फायदा आहे जो बहुतेक जण वापरतच नाहीत.

आपल्याला नळाला येतं ते पाणी, पण धरणावर होते ती जलविद्युत. चुलीत आग, पण बंब अग्निशामक दलाचा. एकाच गोष्टीला घरचा एक शब्द आणि संस्कृतातून आलेला दुसरा, आणि हा दुसरा मुख्यतः जोडशब्दांत राहतो. कांजीच्या कुन (मूळ जपानी) आणि ओन (चिनी उगमाच्या) वाचनांचं नातं नेमकं असंच आहे. मिझु हा घरचा शब्द, सुइ हा चीनहून आलेला. म्हणून एकट्याने येतो तेव्हा मिझु, आणि जोडशब्दांत सुइदो (नळपाणी व्यवस्था), सुइएइ (पोहणे), सुइयोबि (बुधवार). हि म्हणजे आग, पण काझान ज्वालामुखी आणि काजि आग लागण्याची दुर्घटना. ‘दोन वाचनं का, कुठलं कधी’ हा प्रश्न इंग्रजीतून शिकणाऱ्याला जितका छळतो तितका आपल्याला छळायचं कारण नाही. आपण पाणीपुरवठाही म्हणतोच, तसे तिथेही अपवाद आहेत: हानाबि (फटाक्यांची आतषबाजी) मधली फूल आणि आग दोन्ही कुन. पण नवा जोडशब्द समोर आला तर पहिला अंदाज ओनचा लावा, तो बहुधा बरोबर निघतो.

ओन कुठलं आणि कुन कुठलं हे नुसतं ऐकूनही बऱ्याचदा कळतं. ओन वाचन एक किंवा दोन मात्रांचं असतं, आणि दोन मात्रांचं असेल तर दुसरी मात्रा इ, उ, न, कि, कु, चि, त्सु यांपैकीच असते. सुइ, केन, गाकु, केत्सु, इचि. मिझु, तोकि, यामा यांच्यापैकी ‘तोकि’ फसवू शकतो, बाकीचे लगेच कुन म्हणून ओळखू येतात. आणि कु किंवा त्सु ने संपणारं ओन पुढच्या अक्षराला भेटलं की बऱ्याचदा द्वित्त होतं: गाकु आणि को मिळून गाक्को (शाळा), केत्सु आणि कोन मिळून केक्कोन (लग्न), हात्सु आणि ह्यो मिळून हाप्प्यो (सादरीकरण). जगत् आणि नाथ यांचा जगन्नाथ करणाऱ्या भाषेच्या माणसाला हे वेगळं पाठ करायची गरज पडू नये. जो गाक्को पाहून ‘गाक ही आणखी एक वाचनाची पद्धत’ असं वहीत लिहितो, तो विनाकारण ओझं वाढवतो.

आता आकारातून उच्चार. शू शेन या चिनी विद्वानाने इसवी सन १०० च्या सुमाराला अक्षरांचे सहा प्रकार समजावून सांगितले. त्यांतला एक प्रकार असा की अक्षराचा एक भाग अर्थाकडे बोट दाखवतो आणि दुसरा उच्चाराकडे. कांजींपैकी बहुसंख्य याच प्रकारच्या आहेत. वर्गात मात्र आपण माणूस झाडाला टेकला की विश्रांती, सूर्य आणि चंद्र मिळून उजेड, अशा चित्रांच्या कांजींनी सुरुवात करतो आणि विद्यार्थ्याला वाटतं पुढेही असंच असणार. पुढे तसं नसतं, म्हणून एन-३ ला पाय घसरतो.

निळ्या रंगाची ‘आओ’ घ्या. तिचं ओन सेइ. हिला सूर्य जोडला की काइसेइ (निरभ्र हवा) मधली सेइ. पाणी जोडलं की सेइकेत्सु (स्वच्छ) मधली सेइ. बोलणं जोडलं की सेइक्यूशो मधली सेइ, म्हणजे ऑफिसात रोज येणारं बिल. तांदूळ जोडला की सेइशिन (मन, वृत्ती) मधली सेइ. एक भाग ओळखला आणि पाच कांजींचं वाचन हाती आलं. मन जोडलं की मात्र जोहो (माहिती) मधली जो होते. म्हणजे नियम पोलादी नाही. ‘गुंडाळणे’ची त्सुत्सुमु, ओन हो, ही याहून भरवशाची: मिठी मारणं, बुडबुडा, तोफ, पेशी, पोट भरणं या सगळ्यांत तो भाग आहे आणि सगळ्यांचं ओन हो. वरचं देवळाचं कुटुंबही असंच चालतं: वेळ, धरणे, सामुराइ यांचं ओन जि, देवळासारखंच, कवितेचं शि, पण मात्सुचं ताइ आणि नंदीचं तोकु.

याचा वापर करण्याची रीत: वहीच्या एका पानावर एक उच्चारभाग. नवी कांजी भेटली की तिच्यात हा भाग आहे का बघायचं आणि असेल तर त्याच पानावर शब्दासकट टाकायची, अपवाद लाल शाईने. यादी बाहेरून उतरवून घेऊ नका. पान हळूहळू स्वतःच्या वाचनातून भरू द्या. तसं भरलेलं पान विसरत नाही.

‘जगणे, जन्म, कच्चा’ या अर्थांची एक कांजी आहे जिच्या वाचनांची यादी पाहून लोक घाबरतात: सेइ, शो, इकिरु, उमारेरु, नामा, हाएरु आणि आणखी काही. ही यादी कधीही पाठ करू नका. गाकुसेइ, सेन्सेइ, उमारेरु, इश्शो (आयुष्यभर), तान्जोबि (वाढदिवस), नामा (कच्चं) हे शब्द येत असतील तर तुम्हाला ती वाचनं येतातच. आणि क्यो (आज), ओतोना (मोठं माणूस) यांसारख्या शब्दांत कुठल्या अक्षराचा कुठला उच्चार हे शोधत बसू नका. तिथे वाचन पूर्ण शब्दाला दिलेलं आहे, अक्षरांत वाटता येत नाही.

पुस्तकात एक आकार, फोनवर दुसरा

हा दोष तुमचा नाही, फोनचा आहे, आणि दहा मिनिटांत सुटतो. युनिकोडमध्ये चिनी आणि जपानी अक्षरांना बहुतेक ठिकाणी एकच क्रमांक आहे. कुठल्या देशाचा आकार दाखवायचा हे उपकरण भाषेच्या सेटिंगवरून ठरवतं. आपल्या फोनवर मराठी-इंग्रजीच असेल तर अनेकदा चिनी आकार समोर येतो. तपासायला नाओसु (दुरुस्त करणे) किंवा चोकुसेत्सु (थेट) मधली कांजी मोठी करून बघा. जपानी आकारात डावीकडून खाली येऊन तळाशी उजवीकडे वळणारी काटकोनी रेघ असते. चिनी आकारात फक्त तळाची आडवी रेघ दिसते. तशी दिसली तर फोनच्या भाषांच्या यादीत जपानी दुसऱ्या क्रमांकावर टाका. संगणकावरच्या आंकीत (कार्डांची उजळणी करून घेणारं अॅप) कार्डाच्या साच्यात जपानी फॉन्टचं नाव द्या किंवा भाषेचा कोड ‘जेए’ लिहा.

हे करूनही काही फरक राहतात ते छपाई आणि हस्ताक्षराचे. रेइवा या २०१९ मध्ये सुरू झालेल्या कालखंडाच्या नावातली पहिली कांजी छापील आणि हाताने लिहिलेली वेगळी दिसते. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार खात्याने २०१६ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून असे दोन्ही आकार योग्य असल्याचं स्पष्ट केलंय. वर्गात यावरून गुण कापले गेले तर नम्रपणे हे सांगायला हरकत नाही.

वाचता येते, लिहिता येत नाही

आधी ठरवा की तुम्हाला हाताने लिहायचंय कशासाठी. जेएलपीटीत हाताने लिहावं लागत नाही. ऑफिसात सगळं टाइप होतं. जपानला राहायला गेलात तर पालिकेच्या अर्जावर पत्ता लिहावा लागतो, त्यासाठी पत्त्याच्या पाच-सहा कांजी आल्या की झालं. जपानी माणसंही टायपिंगमुळे लिहिणं विसरतात, त्याला तिथे ‘वापुरो बाका’ (वर्ड प्रोसेसरमुळे झालेला मूर्ख) असा शब्द आहे. १९७८ मध्ये तोशिबाने पहिला जपानी वर्ड प्रोसेसर जाहीर केला त्यानंतरची ही देणगी.

तरी माझं मत विचाराल तर पहिल्या तीनशे कांजी हाताने याव्यात, म्हणजे एन-४ पर्यंतच्या. त्यांतच पुढचे बरेचसे भाग येतात आणि रेघांचा क्रम हातात बसतो. त्यापुढे फक्त गल्लत होणाऱ्या लिहा. लिहिण्याची पद्धत बदला: एक ओळ भरून तीच कांजी काढण्यात तिसऱ्या अक्षरानंतर डोकं बाजूला होतं, फक्त हात चालतो. बघा, झाका, काढा, पडताळा. दुसऱ्यांदा काढायची ती अर्ध्या तासाने. कागद नसेल तर तळहातावर बोटाने काढा. आठवायला जपानी माणसंही हेच करतात, त्याला कूशो म्हणतात.

रेघांचा क्रम बहुतेक ठिकाणी वरून खाली, डावीकडून उजवीकडे. अपवाद थोडे आहेत आणि ते लक्षात ठेवण्यासारखे: मिगि (उजवा) मध्ये तिरकी रेघ आधी, हिदारि (डावा) मध्ये आडवी आधी. फोनवर बोटाने अक्षर काढून शब्द शोधताना क्रम बरोबर असला की अक्षर लवकर सापडतं.

टाइप करण्यातलाही एक दोष सांगते. किकाइ लिहिलं की संधीही येते आणि यंत्रही. कोएन लिहिलं की बाग, व्याख्यान, नाटकाचा प्रयोग. पहिला पर्याय डोळे झाकून घेणाऱ्याची ओळखायची सवय जाते. पर्यायांची यादी थांबून वाचा. हा फुकटचा सराव आहे.

कार्डांचा ढीग

आंकीत रोज २० नवी कार्डं हा मूळ आकडा असतो. रोजची उजळणी नव्या कार्डांच्या साधारण दहापट होते असा वापरणाऱ्यांचा ठोकताळा आहे, म्हणजे काही महिन्यांत दिवसाला दोनशेच्या आसपास. नोकरी करणाऱ्याला हे पेलत नाही. गणपतीत चार दिवस सुटले की परत आल्यावर ढीग पाहूनच अॅप उघडावंसं वाटत नाही.

ढीग झाला असेल तर नवी कार्डं शून्य करा आणि उजळणीला रोजची मर्यादा घाला, तुम्हाला वीस मिनिटांत होतील तेवढी. उरलेली वाट पाहतील. ढीग संपल्यावर रोज पाच ते आठ नव्याने सुरू करा. तेवढ्याने वर्षात दोन हजारांच्या आसपास शब्द होतात, ते पुष्कळ आहेत.

वारंवार चुकणाऱ्या कार्डांवर आंकी ‘लीच’ अशी खूण करतं, मूळ सेटिंगमध्ये आठ चुकांनंतर. लीच म्हणजे जळू. हे कार्ड नवव्यांदा दाखवून काही होणार नाही. ते थांबवा आणि कारण बघा. जुळी आहे का? मग जोडी समोरासमोर. सुटी कांजी आहे का? मग कार्ड पुसून तिच्या शब्दाचं नवं करा. शब्दच कधी भेटला नाही का? मग पुसून टाका. महत्त्वाचा असेल तर तो वाचनात परत येईल, तेव्हा घ्या.

परीक्षा जवळ आली असेल तर

जुलै किंवा डिसेंबरच्या परीक्षेला सहा आठवडे उरले असतील तर हे सगळं एकदम करायला जाऊ नका. नवी कार्डं बंद. एन-३ आणि एन-२ मध्ये शब्द हिरागाना या उच्चारलिपीत देऊन योग्य कांजी निवडायचा प्रश्न असतो, आणि त्यात पर्याय म्हणून तुमच्या जुळ्याच मांडलेल्या असतात. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त जोड्या. पुढचे तीन आठवडे रोज एक उतारा, फुरिगाना झाकून, आणि अडलेला प्रत्येक शब्द वाक्यासकट टिपायचा. २०१० पासून परीक्षेची अधिकृत कांजी यादी प्रसिद्ध होत नाही, त्यामुळे बाजारातल्या याद्यांमधली एखादी कांजी राहिली म्हणून झोप उडवू नका. शेवटच्या आठवड्यात वर सांगितलेली वीस शब्दांची तपासणी पुन्हा करा, याच उताऱ्यांतले शब्द घेऊन. ज्या रकान्यात अजून चुका असतील तेवढ्यावरच ते सात दिवस द्या.